मिर्झाकूलने बांधलेली तहान

"पडला! तेंतिमिश पडला!"

आमच्या कोक-जार गावाच्या खालच्या कुरणावर त्या रविवारी पाच-सहाशे माणसं जमली होती, आणि एक माणूस जमिनीवर कोसळला म्हणून त्या सगळ्यांना केवढा आनंद झाला! बायका डोळे पुसत होत्या, म्हातारे तळहात तोंडावरून फिरवून दुवा मागत होते. पडलेला तेंतिमिश मात्र छाती धरून ओकत होता. तोंड बिटासारखं लाल, डोळे तांबारलेले, मानेवरच्या शिरा टरारून फुगलेल्या. एवढं त्याने केलं काय होतं? चमचाभर व्होडका प्यायला होता. एक चमचा! आमच्या गावात एवढी व्होडका लोक दाढी झाल्यावर गालाला चोळतात.

"बघा रे लोकहो, बघा!" पांढऱ्या झग्यातले मिर्झाकूलबाबा ध्वनिक्षेपकावर गरजले. "याच्या सातव्या पिढीचा पूर्वज याच्या नरड्यावर बसलाय! जैविक लहरी उलट फिरल्यात! आता हा मेला तरी पिणार नाही!"

मेल्यावर पिणार नाही, एवढं मलाही पटत होतं.

लोकरीच्या नमद्यावर, म्हणजे जाड बैठकीवर, ओळीने नऊजण बसवले होते. नऊही नावाजलेले पिणारे. बाबांनी एकेकाच्या तोंडात चमचा रिकामा केला, घोड्याच्या केसांच्या दोरीला एकेक गाठ मारली, आणि दहा-पंधरा मिनिटांत नऊच्या नऊजण लाल होऊन लोळायला लागले. गाठ बसली. तहान बांधली गेली. कायमची!

"कुणी म्हणेल, बाटलीत विष आहे," बाबा म्हणाले. त्याच बाटलीतून त्यांनी पेलाभर ओतली, गटकन प्याले, मिशा पुसल्या आणि हसले. "कुठे आहे तो तुमचा शंकेखोर? जनावरांचा डॉक्टर?"

तो मी. नाव शायलोबेक. तीस वर्षं या खोऱ्यातल्या मेंढ्या, गायी आणि घोडे माझ्या हातावर आहेत. लोकांनी मला ढकलत पुढे नेलं. मी बाटली हुंगली, उजेडात धरून पाहिली, प्यालो. साधी, दुकानातली व्होडका. दहा मिनिटं उभा राहिलो, वीस मिनिटं उभा राहिलो. काही नाही.

"काही होतंय, डॉक्टर?"

"नाही."

"का नाही होत?"

"तेच तर विचारतोय."

"कारण तुझी तहान मी बांधलेली नाही!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पलीकडच्या उतारावरची घोडी बुजली. आमच्या शेजारची साइराबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शायलोबेक, घोडीच्या शेपटाखाली हात घालून अध्यात्म कळत नसतं हो!"

सहाशे माणसं हसली. मीही हसलो. दुसरं काय करणार? मी बाटली तपासली होती आणि बाटली निर्दोष निघाली होती.

आमच्याकडे असल्या सिद्धपुरुषाला 'उघड्या डोळ्यांचा' म्हणतात. त्याचे उघडे असले की बाकीच्यांनी आपले मिटायचे, असा शिरस्ता आहे.

तेंतिमिश माझा शाळेपासूनचा दोस्त. खोऱ्यातला वायरमन. हिवाळ्यात वादळाने तारा तुटल्या की कमरेइतक्या बर्फातून खांबापर्यंत जाणारा तो एकटा. साइराबाईच्या नातवाला दम्याचं यंत्र लावायचं होतं तेव्हा त्याने बाराव्या खांबावर चढून उणे तीस अंशांत वीज आणून दिली होती. हे सगळे विसरले. तो दुकानामागे पडलेला असायचा, तेवढं मात्र लोकांच्या पक्कं लक्षात होतं.

पिणं कधी सुरू झालं ते त्यालाही नेमकं सांगता येत नव्हतं. थंडीचं निमित्त, मग मेजवानीचं, मग निमित्त लागेनासं झालं. सकाळी हात थरथरायचे, थरथर थांबवायला घोट लागायचा, आणि घोट घेतला की तो दिवस गेला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोने, बुरुलचाने, त्याला तालुक्याच्या व्यसनमुक्ती दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर जिपार म्हणजे पन्नाशीची, ठेंगणी, फटकळ बाई. तिने तपासलं, दहा दिवस ठेवून घेतलं, औषधं दिली, दर गुरुवारी गटाच्या बैठकीला यायला सांगितलं आणि तोंडावर बजावलं, "हा आजार आहे, तेंतिमिश. रक्तदाबासारखा, मधुमेहासारखा. आटोक्यात राहतो. जात नाही. मध्ये उसळी मारली तर घाबरायचं नाही, लपायचं नाही. इकडे यायचं."

तो सात महिने कोरडा राहिला. मग भाचीच्या लग्नात चुलत्याने पेला पुढे केला. "मुलीच्या सुखासाठी एक घोट घेत नाहीस? कसला मामा तू!" घेतला. पुढचे तीन आठवडे शुद्ध नव्हती. परत दवाखाना, परत पाच महिने, परत घसरला.

गावाने निकाल दिला. "बघा! सरकारी औषध! दोनदा खाल्लं, दोनदा पडला." जणू रक्तदाबाची गोळी बंद करून माणूस आडवा झाला तर गोळीच खोटी ठरते. आणि "ती डॉक्टरीण स्वतःच म्हणते की बरा होणार नाही, मग जायचं कशाला?" खरं बोलणाऱ्या डॉक्टरची ही अशी पंचाईत असते. मिर्झाकूलबाबांची तशी काही अडचण नव्हती. त्यांच्याकडे 'कायमचा' हा शब्द होता.

तेंतिमिशची आई कालिपामावशी, सत्तरीची, पाच वेळची नमाजी. तिने डोक्यावरचा रुमाल काढून मुलाच्या पायाशी ठेवला. "शेवटचं मागते. बाबांकडे चल."

आईने रुमाल पायाशी ठेवल्यावर नाही म्हणणारा मुलगा आमच्या खोऱ्यात अजून जन्मायचा आहे.

तीन दिवस नऊजणांना बाबांच्या यूर्तमध्ये, त्यांच्या गोल तंबूत, ठेवलं. खाणं बंद. फक्त काळा चहा आणि सकाळ-संध्याकाळ बाबांच्या हातचा तल्कानचा लाडू. भाजक्या धान्याचं पीठ, लोणी, मध. पहिल्याच दिवशी तेंतिमिशला दरदरून घाम सुटला, अंग थडथड उडायला लागलं. मी दारात जाऊन म्हणालो, "बाबा, इतकं पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडली तर झटका येतो, माणूस जातो. त्याला दवाखान्यात न्या."

"सैतान अंग सोडतोय," बाबा म्हणाले. "तू मेंढ्या बघ."

आणि तिसऱ्या दिवशी चमत्कार झाला. तो तुम्ही पाहिलातच.

निघताना प्रत्येकाने एक मेंढा दिला आणि प्रत्येकाला एक पिशवी मिळाली. एकवीस लाडू. रोज सकाळी एक खायचा, म्हणजे गाठ पिकते. आणि दोन अटी घातल्या. डॉक्टरची पायरी चढायची नाही, औषधं फेकून द्यायची. आणि तहान लागली असं चुकूनही कुणाला सांगायचं नाही. शंका बोलून दाखवली की गाठ सुटते, आणि मग पूर्वज कायमचे तोंड फिरवतात.

वा बाबा, काय अक्कल! रोग्याने तक्रारच करायची नाही, मग वैद्याचा गुण शंभर टक्के!

तेंतिमिश हिरो झाला. साइराबाईने त्याला जेवायला बोलावलं. गावप्रमुखाने सभेत त्याच्या पाठीवर थाप मारली. बाबांनी शेजारच्या दोन गावांत त्याला शेजारी बसवून मिरवलं. मी एकदा त्याला वाटेत गाठलं.

"कसा आहेस?"

"मस्त."

"झोप येते?"

"मस्त आहे म्हटलं ना, शायलो."

डोळे खोल गेले होते. दात एकमेकांवर घट्ट. मला जायला हवं होतं त्याच्याबरोबर, बसायला हवं होतं. पण मला बाटलीचा राग होता. बाटलीत काहीच का सापडलं नाही, या एकाच प्रश्नात मी अडकलो होतो. माझ्या हुशारीचं कौतुक सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तीन आठवड्यांनी, जूनच्या सुरुवातीला, घोड्या दुभायला लागल्या आणि वर्षातलं पहिलं कुमिस, घोडीचं आंबट दूध, तयार झालं. शेजाऱ्यांनी कालिपामावशीला मोठा वाडगा पाठवला. मावशीने बिस्मिल्ला म्हणून तो संपवला. अर्ध्या तासाने बुरुलचा माझ्या अंगणात धावत आली. "भावजी, गाडी काढा! सासूबाई गेल्या!"

गेल्या नव्हत्या. पण लालभडक तोंड, छाती धरलेली, ओकाऱ्या, धाप! मी दारात थबकलो. हे मी पाहिलं होतं. कुरणावर, नऊजणांचं.

गल्लीतल्या बायकांनीही ते ओळखलं, आणि त्यांचा निष्कर्ष माझ्यापेक्षा झटपट निघाला.

"अगं बाई, म्हणजे म्हातारी लपून पिते!"

"आणि वर नमाज!"

कुणीतरी बाबांना फोनही लावला. बाबांचं निदान दोन मिनिटांत आलं. मुलाची तहान आईत उतरली आहे. आणखी एक मेंढा लागेल. काळ्या डोक्याचा.

मी म्हातारीला जीपमध्ये घातलं आणि तालुक्याला नेलं. तिथे सलाईन लावलं, संध्याकाळपर्यंत नाडी ठिकाणावर आली. जिपार डॉक्टर उशाशी येऊन बसली.

"मावशी, रागावू नका. दारू घेतली होती?"

कालिपामावशी उठून बसली. "जीभ झडेल तुझी! सत्तर वर्षांत व्होडकाचा वास घेतला नाही मी!"

"मग काय प्यायलात?"

"कुमिस. एक वाडगा."

"त्यात असते थोडी. आंबवलेलं दूध ना ते."

"कुमिसला दारू म्हणतेस? तुझी आई काय पाजत होती गं तुला?"

"कुमिसच," जिपार हसली. "कुमिसने तुम्हाला काही होत नाही, मलाही नाही. म्हणून तर विचारते. या महिन्यात नवीन काय खाताय? गोळ्या, काढा, पुडी?"

"काही नाही. फक्त बाबांचा प्रसाद. तेंतिमिशला लोण्याने मळमळतं, म्हणून त्याने पिशवी मला दिली. गुडघ्यांना बरं म्हणून मी रोज सकाळी एक लाडू खाते."

जिपारने माझ्याकडे पाहिलं. मी जिपारकडे. तीन आठवडे मी बाटलीचं बूच हुंगत होतो!

उरलेले दोन लाडू डॉक्टरीणबाईंनी शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवले. पण उत्तर तिला आधीच ठाऊक होतं. "एक गोळी आहे, शायलोबेक. ती पोटात असेपर्यंत शरीराला दारू पचवता येत नाही. दारूचं अर्धवट पचून विष होतं आणि अंगात साठतं. मग तोंड लाल, काळीज धडधड, ओकाऱ्या. नुसती गोळी खाल्ली तर काही जाणवत नाही. नुसती दारू प्यायली तरी नाही. दोन्ही एकत्र आले की पूर्वज नरड्यावर बसतात."

"म्हणजे बाटली स्वच्छ..."

"बाटली स्वच्छच ठेवायची. सगळे बाटलीकडेच बघणार. मी स्वतः ही गोळी देते काही जणांना. पण त्यांना सांगून, हृदय तपासून, लेखी संमती घेऊन, बाकीच्या उपचारांबरोबर. कमजोर काळजाच्या माणसाला न सांगता चारली आणि वर चमचा पाजला तर तो कुरणावरच संपेल." ती बोलता बोलता थांबली. "एक मिनिट. लाडू आईने खाल्ले. म्हणजे तेंतिमिशने खाल्लेच नाहीत?"

"नाही."

"गोळीचा असर दोन आठवड्यांत उतरतो. आता तीन झाले. औषधं त्याने फेकली, गुरुवारी येणं सोडलं. शायलोबेक, तो आत्ता कुठे आहे?"

कुठे आहे ते बुरुलचालाही माहीत नव्हतं. सकाळी कामाला म्हणून गेला होता. आई आजारी पडली हे त्याला कुणी कळवलंही नव्हतं. आम्ही खांबांच्या रांगेने शोधत गेलो. तो वरच्या कालव्याच्या कडेला सापडला, अर्धा पाण्यात, ओठ निळे, दोन बाटल्या रिकाम्या. आणखी हातभर घसरला असता तर प्रवाहात होता. बुरुलचाने त्याला काखेत धरून ओढलं. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त, "धरा भावजी, पाय धरा, पाय," एवढंच म्हणत राहिली.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारी तो शुद्धीवर आला. मी शेजारी होतो.

"तहान रोज लागत होती, शायलो," तो छताकडे पाहत म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. पण बोलायची सोय नव्हती. काल वाटलं, घोटभर घेऊ. पूर्वजांनी गळा दाबला तर सुटलो. घेतला. वाट बघत बसलो. काहीच झालं नाही. मला वाटलं, पूर्वजांनीसुद्धा सोडलं मला. मग कुणासाठी थांबायचं?"

मी आजवर बाबा-बुवांना हसत आलोय. त्या दुपारी हसू आलं नाही. लोक म्हणतात, भोळी श्रद्धा आहे, कुणाचं काय बिघडतं? त्यांना त्या कालव्यावर नेऊन उभं करावंसं वाटलं.

पलीकडच्या कॉटवरून कालिपामावशी सगळं ऐकत होती. तिने जिपारला हाक मारली. "पोरी, ते गोळीचं परत एकदा सांग. सावकाश सांग. मला पाठ करायचंय."

पुढच्या रविवारी बाबांचा दुसरा मेळा होता. या वेळी नमद्यावर बावीसजण बसले होते आणि गर्दी हजाराच्या घरात. पण गर्दीत कुजबुज होती. मावशीचं लाल तोंड बऱ्याच जणांनी पाहिलं होतं. बाबा मुरलेले. कुजबुज मोडायला त्यांनी पुराव्यापासूनच सुरुवात केली.

"शंका! शंका हा मेंदूचा जंत आहे!" त्यांनी बाटली उंच धरली, पेला काठोकाठ भरला आणि एका दमात रिचवला. "आहे का विष? आहे का?"

"नाही!" गर्दी ओरडली.

"मग गळा कोण दाबतं?"

"पूर्वज!"

तेवढ्यात कालिपामावशी काठी टेकत पुढे आली. मागे मी, माझ्या मागे जिपार डॉक्टर, औषधांची पेटी घेऊन. मावशीच्या हातात स्टीलची ताटली आणि तीत एक लाडू. यूर्तच्या मागे नव्या प्रसादाचं भलंमोठं पातेलं भरलं होतं, तिथूनच तिने तो सगळ्यांदेखत मागून घेतला होता. भक्त म्हातारीला कोण नाही म्हणेल?

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही आमच्या लेकरांना तीन दिवस भरवलंत. तुम्हाला आमच्यापैकी कुणी घास भरवला नाही. माझ्या हातून घ्या."

बाबांनी छातीवर हात ठेवला. "आई, माझा उपास आहे."

"आत्ता पेला प्यालात की."

"तो... तो विधी होता."

"हाही विधीच. आशीर्वादाचा आहे, तुमच्याच हातचा आहे. अख्खा नको, ओठ तरी लावा."

आमच्याकडे म्हातारीच्या हातचा घास कुणी परतवत नाही. पोट भरलेलं असो, घाई असो, भांडण असो, ओठ तरी लावतात. खुनी माणूससुद्धा लावेल. बाबांनी ताटलीकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकले.

"लोण्याने मला पित्त होतं, आई."

"माझ्या तेंतिमिशलाही व्हायचं. तुम्ही म्हणालात, पूर्वजांचा प्रसाद आहे, पित्तबित्त काही होत नाही. खा बाबा. मी एकोणीस खाल्ले. सत्तर वर्षांची बाई मी, मला पचले. तुम्ही तर सिद्ध आहात!"

तिने लाडू त्यांच्या तोंडापाशी नेला. बाबांनी हाताने ताटली उडवली. लाडू गवतात पडला.

ताटली गरगरत थांबल्याचा आवाज मला ऐकू आला. अन्न उडवलं! म्हातारीच्या हातचं!

नमद्यावरच्या बावीसजणांतला जुमाद्यल नावाचा धिप्पाड मेंढपाळ हळूहळू उठला. "ओ बाबा. व्होडका तुम्ही खुशाल पिता. लाडवाला मात्र घाबरता. मग तीन दिवस आमच्या पोटात घातलंय काय?"

बाबांनी पूर्वजांचा अपमान, लहरींचा कोप, सात पिढ्यांचा शाप, असं बरंच काही ध्वनिक्षेपकात ओतलं. जिपारने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि चार वाक्यांत गोळीची गोष्ट सांगितली. प्रयोगशाळेचा कागद वाचला. मग बावीसजणांकडे वळली. "तुमच्यापैकी कुणीही दोन आठवडे दारूच्या थेंबाला शिवायचं नाही. कुमिसलाही नाही. आणि ज्यांचे हात थरथरतायत त्यांनी आत्ता माझ्या गाडीत बसायचं. शिव्या घालायला नेत नाहीये. उपचार करायला नेतेय."

यूर्तमधल्या पेटाऱ्यात गोळ्यांची चंदेरी पाकिटं सापडली, अर्धी रिकामी. पुढे कळलं की बाबा राजधानीतल्या कुठल्याशा औषधकोठारात भांडारी होते. उघड्या डोळ्यांनी त्यांनी जे पाहिलं ते एवढंच, गोळीच्या खोक्यावरची सूचना. आमचा पोलीस शिपाई महिनाभर मेळ्याची गर्दी आवरत होता, कारण त्याचा मेहुणाही पहिल्या नऊंत होता. त्याला आता अचानक कायदा आठवला. बाबांना जीपमध्ये बसवताना तो "चला बाबा" म्हणाला. सवय अशी लवकर जात नाही.

तुम्हाला वाटेल, गावाचे डोळे उघडले. सगळ्यांचे नाही. साइराबाई अजून म्हणते की गोळी वेगळी आणि शक्ती वेगळी. आणि त्याच दिवशी पाच बायकांनी जिपारला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, ती गोळी आम्हालाही द्या ना. नवऱ्याच्या सूपमध्ये गुपचूप घालू."

"म्हणजे तो बाहेर जाऊन पिईल आणि कुठेतरी काळीज बंद पडून मरेल," जिपार म्हणाली. "त्याला फसवून बरं करता येत नाही. त्याला घेऊन या. नाही आला तर तुम्ही एकट्या या. आपण बोलू."

दोघी दवाखान्यात गेल्या. आमच्या खोऱ्याच्या मानाने हे फार झालं.

आता तेंतिमिशचं. तो बरा झाला का, असं लोक मला विचारतात. नाही झाला. त्याला आजार आहे आणि तो उपचार घेतो. औषध वेगळं आहे आता, तहान बोथट करणारं. दर गुरुवारी तो बसने तालुक्याला जातो, तिथे दहा-बाराजण गोल बसतात आणि ज्याला तहान लागली असेल तो ते मोठ्याने सांगतो. पहिले दोन महिने बुरुलचा सोबत जायची. आता कधी मी जातो. गप्प बसून ऐकतो.

नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा घसरला. एका दुपारी, कामाच्या ठिकाणी, अर्धी बाटली. मला फोन आला तो त्याचाच. "शायलो, प्यायलोय. उरलेली ओतून दिली. मी खांबापाशी बसलोय, वर चढणार नाही. ये आणि मला दवाखान्यात ने."

गाव लगेच म्हणालं, "बघा! परत पडला!" गल्लीत साइराबाईने कालिपामावशीला अडवलं. "काय हो, तुमच्या डॉक्टरणीचं औषधही फुकटच गेलं म्हणायचं!"

मावशी काठीवर रेलली. "साइरा, तुझ्या नातवाचा दमा गेल्या हिवाळ्यात उसळला, तेव्हा त्याला घराबाहेर काढलंस का गं? तोंडावर थुंकलीस? यंत्र लावलंस ना? मग माझ्या लेकराने एकदा धाप टाकली तर एवढी काय हसतेस?"

साइराबाई मागे फिरली आणि नातवाला हाका मारत घरात शिरली.

पहिल्यांदा घसरला तेव्हा तीन आठवडे गेले होते. या वेळी एक दुपार गेली. जिपार याला प्रगती म्हणते, आणि मीही म्हणतो. मी जनावरांचा डॉक्टर आहे, माणसांच्या मनाचं मला फार कळत नाही. पण चिवट आजार मला कळतो. गायीला तसा आजार झाला तर मी तिला शपथ घालत नाही, तिची आजी-पणजी बोलवत नाही, चौकात उभी करून लाज काढत नाही. औषध देतो, चारा बदलतो, पुन्हा आजारी पडली तर पुन्हा जातो. माणसाच्या वाट्याला गायीइतकी तरी समजूत यावी.

तेव्हा, वाचकहो, तुमच्या गावात कुणी झगेवाला, टोपीवाला किंवा कोटवाला आला आणि तीन दिवसांत दारू कायमची सोडवतो म्हणाला, तर आधी त्याच्या प्रसादातला घास त्यालाच भरवा. आणि तुमच्या घरात कुणी पीत असेल तर पूर्वजांना झोपू द्या. त्यांनी त्यांच्या वाटणीचं भोगलंय. त्या माणसाला डॉक्टरकडे न्या. तो पडेल. पुन्हा न्या.

परवा गुरुवार आहे. तेंतिमिशची बस सकाळी आठला सुटते, आणि दोन जागा अजून रिकाम्या आहेत.